कोटाची खुर्ची

तिला सगळे रेडिओ म्हणायचे. खरं नाव नव्हतं असं नाही, पण ते कागदांवर होतं आणि कागदांवरच राहिलं. रेडिओ हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. लग्नाच्या आठव्याच दिवशी तो मित्राला म्हणाला, "बायको करून आणली, तर वर रेडिओ फुकट मिळाला. बंद करायचं बटण मात्र दिलं नाही रे लेकाच्यांनी!" तेव्हापासून गल्लीत, माहेरी, कामावर ती रेडिओच. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट कोणी नवीन भेटलं की स्वतःच सांगायची, "मला रेडिओ म्हणा, सगळे तेच म्हणतात," आणि तिथून पुढे अर्धा तास समोरच्याची सुटका नसायची.

शर्टांना बटणं लावायच्या कारखान्यात ती कामाला होती. तिथल्या सुपरवायझरने तिची जागा तीनदा बदलली. बायकांमध्ये बसवलं तर सगळ्यांचे हात थांबायचे. भिंतीकडे तोंड करून बसवलं तर मान न वळवता बोलायची. शेवटी खिडकीशी एकटीला बसवलं, तर रस्त्याने जाणाऱ्यांच्या पोराबाळांची चौकशी सुरू. पण तिच्या हातचं बटण कधी तिरकं बसलं नाही, हेही खरं. सुपरवायझर कपाळाला हात लावून म्हणायचा, "हिच्या तोंडालाच एक बटण लावा कोणीतरी!" त्यावर सगळ्यांत मोठ्याने हीच हसायची.

नवरा गेला तेव्हा लेक सात वर्षांची होती. तेव्हा मात्र रेडिओ तीन दिवस बंद होता. भिंतीला टेकून बसून राहिली, पाणी प्यायला कोणी सांगितलं तर प्यायची. चौथ्या दिवशी लेक जवळ येऊन म्हणाली, "आई, काहीतरी बोल ना. तू गप्प असलीस की मला भीती वाटते." झालं! त्या दिवशी तिने जे तोंड उघडलं ते पुढे मिटलं नाही. लेकीला झोप लागेपर्यंत बोलायची, शाळेत सोडताना बोलायची, अंधारात वीज गेली की जास्तच बोलायची. दोघींच्या वाट्याचं एकटीच बोलायची म्हणा ना. त्यामुळे पोरगी निघाली एकदम अबोल. चारचौघांत कोणी नाव विचारलं तरी ती आधी आईकडे बघायची, आणि तोवर आईने नाव सांगून वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगितलेल्या असायच्या.

लेकीने नर्सिंगचा चार वर्षांचा कोर्स घेतला तेव्हा बटणांवर ते भागणार नव्हतं. ओळखीच्या एका बाईकडून परदेशात एका म्हातारीची देखभाल करायचं काम चालून आलं. लेकीला दीर-जावेकडे ठेवून ही विमानात बसली. निघायच्या आदल्या दिवशी लेकीने आईच्या फोनमध्ये स्वतःच्या आवाजात रिंगटोन भरून दिली. "आई, फोन उचल! आई, फोन उचल ना!" आणि शेवटी आवरता न आलेलं हसू. "तू कोणाशी तरी गप्पा मारत असशील, साधी रिंग तुला ऐकूच जायची नाही," असं लेकीचं म्हणणं. रेडिओने विमानतळावर सहा अनोळखी माणसांना ती रिंगटोन ऐकवली.

म्हातारीचं घर तीन मजल्यांचं. तिचे दोन मुलगे, सुना, नातवंडं सगळी एकाच छपराखाली, पण म्हातारीचं करायला कोणाला वेळ नव्हता. म्हातारी ऐंशीच्या पुढची, बोलायला मोजकी, नजरेने धारदार आणि गुडघ्यांनी अधू. रेडिओ तिला 'आजी' म्हणायची. सकाळच्या गोळ्या, मग अंघोळ, मग सुजलेल्या पायांवर ते घट्ट पायमोजे चढवायचे, त्यातच दहा मिनिटं जायची. पुढे स्वयंपाक, धुणं, इस्त्री, दुपारी काठी धरून कोपऱ्यापर्यंत फेरी. त्यांची भाषा रेडिओने वर्षभरात मोडकीतोडकी उचलली, आणि जेवढी आली तेवढीत बोलत सुटली. क्रियापदं चुकायची, पण म्हणून थांबेल ती रेडिओ कसली! 'रेडिओ' हे नावही तिनेच मोठ्या हौसेने त्यांना सांगितलं, अर्थासकट. ते त्यांनी लगेच उचललं. "रेडिओ, चहा!" "रेडिओ, आवाज कमी!" कॉलेजात जाणारा नातू तर रिंगटोनची हुबेहूब नक्कल करायचा, "आईईई, फोन उच्चल!" त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. रेडिओ लेकीला कौतुकाने सांगायची, "बघ गं, इथे तुझा आवाज सगळ्यांना पाठ आहे."

आता त्या घरचं सणाचं जेवण ऐका. त्यांचा वर्षाचा एक मोठा सण असायचा. शेजारीपाजारी तो गाणी लावून, हसतखेळत साजरा करायचे. या घरात मात्र त्या दुपारचं जेवण चालायचं मुक्याने. ही पद्धत म्हातारीच्या नवऱ्याने घालून दिलेली, दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हती. सगळं जेवण आधीच टेबलावर मांडून ठेवायचं. म्हातारीने सूपच्या भांड्यावरचं झाकण उचललं की शब्द बंद. ती आपला चमचा उपडा ठेवेपर्यंत कोणी बोलायचं नाही की उठायचं नाही. जो मौन मोडेल त्याच्या पायी वर्षाच्या आत टेबलावरचं एक माणूस कमी होणार, असा समज. आणि दुसरा नियम म्हणजे त्या दिवशी एकही खुर्ची रिकामी राहता कामा नये.

बारा वर्षांपूर्वी म्हातारीची स्वतःची लेक भर जेवणात "मीठ दे" एवढं बोलून बसली. वर्ष संपायच्या आत मायलेकींचं असं काही बिनसलं की लेक जी घरातून गेली ती परत आलीच नाही. तिची खुर्ची तेवढी राहिली. मग दर सणाला त्या खुर्चीवर मेलेल्या आजोबांचा काळा कोट अडकवायचे, कॉलर सरळ करून, बाह्या टेबलावर ठेवून. कोटासमोर ताटली वाढायचे आणि जेवण झालं की ती तशीच उचलायचे.

पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारातून रेडिओने हा प्रकार पाहिला आणि हसू येऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला. संध्याकाळी लेकीला फोन. "अगं, कोट जेवतो त्यांच्यात! आणि सगळे मुके! मला बसवलं असतं ना, तर तासाभरात मी अख्खं घर रिकामं केलं असतं!" लेक पोट धरून हसली होती.

पण जेवणाचा शेवटचा भाग रेडिओने नीट लक्षात ठेवला होता. चमचा उपडा पडला की म्हातारी टेबलावरच्या एकेकाकडे बघायची. जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे बघेल त्याने एक गोष्ट मागायची, मौन पाळल्याबद्दल. म्हातारी म्हणायची, "दिलं." नातवाने गाडी मागितली, दिली. मोठ्या सुनेने वरचा मजला स्वतःसाठी मागितला, दिला. म्हातारीचं 'दिलं' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीन वर्षांत तो शब्द एकदाही मागे गेलेला रेडिओने पाहिला नव्हता.

चौथ्या वर्षी सणाला वीस दिवस राहिले असताना तिने तो कोट उन्हात टाकायला कपाटातून काढला. कोटाला कसर लागली होती. पाठीवर भोकंच भोकं, एक बाही तर शिवणीतून सुटून हातात आली. रडतरडत ती कोट घेऊन म्हातारीपुढे उभी राहिली. "आजी, माझं लक्ष राहिलं नाही. काय शिक्षा द्यायची ती द्या." म्हातारी रागावली नाही. तिने कोटाकडे पाहिलं, मग रेडिओकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पायमोजे चढवून घेताना म्हणाली, "या वर्षी सणाला तू आमच्याबरोबर टेबलावर बस."

आमच्याबरोबर! रेडिओच्या हातातून पायमोजा निसटला. सकाळभर ती तो एक शब्द घोळवत राहिली आणि दुपारी लेकीला फोन लावला. "अगं, त्यांनी मला घरातलं माणूस मानलं. एवढी वर्षं पाय चेपले, त्याचं चीज झालं बघ!"

"पण आई, तुला गप्प बसता येईल?"

"तुझ्यासाठी बसेन."

कारण मागायचं काय ते तिने त्याच घटकेला ठरवून टाकलं होतं. लेकीला इकडे आणायचं. कोर्सचं शेवटचं वर्ष इथल्या हॉस्पिटलात पुरं करता येतं, ही चौकशी तिने कधीच करून ठेवली होती. अडत होतं ते एका पत्रावर. इथल्या कोणा घरमालकाने 'ही मुलगी माझ्या घरी राहील' असं लिहून खाली सही करायची. साधं एक पान. तो छापील कागद दोन वर्षं तिच्या उशीखाली पडून होता, म्हातारीला विचारायचा धीर झाला नव्हता. आता विचारायचं नव्हतंच, मागायचं होतं. वीस दिवस ती ते वाक्य त्यांच्या भाषेत घोकत होती, भांडी घासताना, इस्त्री करताना. गप्प बसायचा सरावसुद्धा घड्याळ लावून चालला होता. पहिल्या दिवशी चार मिनिटांत दमली. पण पंधराव्या दिवशी तिने पाऊण तास काढला आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळाशी बोलून घेतलं.

काय म्हणावं या बाईला! बसच्या ड्रायव्हरला त्याच्या सासूचा रक्तदाब विचारणारी ही, पण "आजी, मी टेबलावर बसले तर मलाही मागता येईल ना?" एवढं एक विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, जिभेवर दहादा आलं आणि दहादा तिने ते गिळलं. विचारलं आणि म्हातारी "नाही" म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा तिने हिशेब केला.

सणाच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. आवाज दबलेला.

"आई, उद्या संध्याकाळी मला बघायला लोक येणारेत. काकांच्या दुकानाच्या मालकाचा भाऊ."

तो माणूस रेडिओला माहीत होता. अडतीस वर्षांचा, पहिली बायको पळून गेलेली, आणि ती का पळाली हे कोणी विचारायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. दिराला त्या दुकानात भागीदारी हवी होती, हेही तिला कोणी सांगायला नको होतं.

"आई, मला नाही गं करायचं. एकच वर्ष राहिलंय. पण त्या सगळ्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"तू कशाला बोलतेस? मी मेले का? दे काकांना."

दीर फोनवर आला. आवाज लोण्यासारखा. "वहिनी, तुमच्या शब्दाबाहेर मी गेलोय का कधी? पण आत्ता काही बोलू नका. मालक माझा आहे, मीच मोडलं असं त्याला वाटायला नको. उद्या ते विचारतील तेव्हा त्यांच्यासमोर तुम्हाला फोन लावतो. तुम्हीच काय ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही, विषय संपला."

"बघा हं भाऊजी, माझ्याशी बोलल्याशिवाय होकार द्यायचा नाही."

"शब्द दिला वहिनी."

मग पुन्हा लेक. रेडिओ म्हणाली, "अगं, एकच शब्द तर बोलायचाय. नाही! माझा आजवरचा सगळ्यात छोटा कार्यक्रम." लेक हलकंसं हसली. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडचे दुपारचे चार. म्हातारीचं जेवण अडीचपर्यंत आटपायचं. म्हणजे चार वाजेपर्यंत हातात सहीचं पत्र असेल आणि 'नाही'च्या पुढे "पोरगी माझ्याकडे येतेय" असंही सांगता येईल, असं सगळं तिने मनात जुळवून टाकलं.

सणाच्या दिवशी तिने पेटीतली निळी साडी काढली. फोनचा आवाज पूर्ण मोठा करून तो ओट्यावरच्या फळीवर ठेवला, चार वाजता चुकायला नको म्हणून. सूप, भाजलेलं मांस, बटाटे, पाव, गोड, सगळं तिनेच रांधलं होतं आणि तिनेच मांडलं. मग हात पुसून ती आठव्या खुर्चीवर बसली. समोर तिची स्वतःची ताटली, काचेचा पेला, घडी घातलेला रुमाल. म्हातारीने झाकण उचललं.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग तिला बटाट्यांबद्दल बोलावंसं वाटायला लागलं. मोठ्या मुलाच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत वळली होती, ते सांगावंसं वाटलं. नातवाला सूप गरम आहे म्हणावंसं वाटलं. सगळं गिळलं बिचारीने. आपण जमवतोय, या विचाराने तिची छाती भरून आली. घरच्या माणसांत बसून ती घरच्यासारखी गप्प होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून आवाज आला. "आई, फोन उचल! आई, फोन उचल ना!" आणि मग ते हसू.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नातवाने हसू दाबायला ओठ चावला. रेडिओ खुर्चीत ताठ झाली. सहज केला असेल, साडी कुठली नेसू विचारायला, तिने स्वतःला समजावलं. फोन थांबला, आणि श्वास घ्यायच्या आत पुन्हा सुरू झाला. मग तिसऱ्यांदा. लेक तीनदा कधी लावत नाही. लोक लवकर आले, हे रेडिओला कळलं.

उठायचं? उठलं की मौन मोडलं, मौन मोडलं की पत्र गेलं. पत्र गेलं की आज 'नाही' म्हणून तरी काय? उद्या दीर दुसरा कोणी आणून उभा करील, परवा तिसरा. एकदा पोरगी इकडे आली की सगळ्यांची तोंडं बंद. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं. दिराने शब्द दिलाय, माझ्याशी बोलल्याशिवाय होकार नाही. थांबतील ते. चहा घेतील. थांब गं बाळा, तुझ्यासाठीच गप्प बसलेय गं.

"आई, फोन उचल! आई, फोन उचल ना!" चौथ्यांदा. पाचव्यांदा. जिवंत माणसांच्या त्या टेबलावर चमच्यांचा आवाज आणि आतून पोरीची हाक, बाकी काही नाही. शेजारून मोठ्या सुनेने भुवया उंचावून स्वयंपाकघराकडे मान हलवली. रेडिओला वाटलं, ती बजावतेय, खबरदार उठलीस तर. रेडिओने मान हलवून तिला हसून दाखवलं, नाही उठत मी, काळजी नको.

म्हातारीची ताटली रिकामी होत आली होती. रेडिओचे डोळे तिच्या चमच्यावर खिळले होते. ठेवा आजी, ठेवा आता, पाया पडते तुमच्या. म्हातारीने चमचा उचलला, भांड्यातून आणखी दोन डाव सूप वाढून घेतलं, पावाचा तुकडा मोडला आणि तो बुडवून बुडवून सावकाश खायला लागली. आठव्यांदा फोन वाजला. नवव्यांदा. रेडिओने निळ्या साडीचा पदर मुठीत असा आवळला की काठाचा धागा उसवला. अकराव्यांदा वाजून फोन थांबला तो थांबलाच. हे बरं झालं, समजूतदार आहे पोरगी, असं वाटून तिला क्षणभर हायसंसुद्धा वाटलं.

म्हातारीने चमचा उपडा ठेवला. सगळे एकदम हलले, खुर्च्या करकरल्या. म्हातारीने नातीकडे पाहिलं. तिने सहलीला जायचं मागितलं. "दिलं." नातवाने काहीतरी मागितलं. "दिलं." धाकटी सून, धाकटा मुलगा, मोठी सून, मोठा मुलगा. रेडिओ दोघी सुनांच्या मध्ये बसली होती. म्हातारीची नजर तिच्यावरून दोनदा गेली आणि थांबली नाही. मोठ्या मुलाला "दिलं" म्हणून म्हातारीने रुमालाने तोंड पुसलं आणि काठीकडे हात नेला.

"आजी, माझं राहिलं," रेडिओ म्हणाली. पाऊण तासानंतर निघालेला आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"तुझं काय राहिलं?"

रेडिओने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. एकही क्रियापद चुकलं नाही. माझ्या मुलीला या घरी राहू द्याल असं पत्र मला द्या.

टेबलावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मोठी सून म्हणाली, "अगं, मागणं घरच्यांचं असतं."

"पण मी पण... मी एक शब्द बोलले नाही. फोन वाजला तरी उठले नाही."

"तेच म्हणते मी! मी तुला खुणावत होते, जा, घे तो फोन, कान किटले आमचे. तर तू आपली मान हलवून हसत बसलीस!"

नातू हसतच सुटला. "मला वाटलं, हिचं कोणाशी तरी भांडण झालंय!"

"पण नियम आहे ना," रेडिओ म्हणाली. "बोललं की माणूस कमी होतं."

म्हातारी अगदी समजुतीच्या सुरात बोलली, लहान मुलाला सांगावं तशी. "अगं वेडे, नियम आमच्यासाठी. तुला कोणी सांगितलं गप्प बसायला? कोटाला कसर लागली, खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तुला म्हटलं बस. तू बोलली असतीस तरी काही बिघडलं नसतं." मग काठीवर भार देऊन उठता उठता म्हणाली, "आणि ते पत्राचं राहू दे. पोरगी आली की तुझं सगळं लक्ष तिच्यात जाईल. माझ्या पायांचं कोण करणार? चल, ताटल्या उचल आता."

रेडिओ ताटल्या न उचलता स्वयंपाकघरात गेली. फोनवर लेकीचे अकरा कॉल होते. तिने लावला. दिराने उचलला. मागे हसण्याबोलण्याचा गलका होता.

"या वहिनी, अभिनंदन! जमलं!"

"काय जमलं? भाऊजी, मी नाही म्हणतेय. नाही! ऐकलं का? नाही, नाही, नाही!"

"अहो, आता काय उपयोग? अकरा वेळा लावला हो त्यांच्यासमोर, पोरीनेच लावला. मालक म्हणाला, आईला नको असतं तर तिने एवढ्या वेळात उचलला नसता का? न उचलणं म्हणजे तिची हरकत नाही. मला काय बोलता येणार त्यावर? दिला होकार. पुढच्या महिन्यातली तारीखसुद्धा काढली."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"आणि तुम्ही? एक फोन उचलता आला नाही तुम्हाला?"

मग ती ओरडायला लागली, शिव्या द्यायला लागली, रडायला लागली, सगळं एकदमच. बाहेरच्या टेबलावरून मोठ्या सुनेचा आवाज आला, "झाला का रेडिओ सुरू? दार लावून घे!" आणि कोणीतरी स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं.

"द्या तिला फोन. माझ्या लेकीला द्या."

मग लेकीचा श्वास ऐकू आला.

"बाळा, मी... अगं, इथे जेवण चालू होतं. मी तुझ्यासाठीच..." आणि तिथेच ती अडकली. जेवणाचं काय सांगणार? कोटाचं काय सांगणार?

"एरवी किती बोलतेस आई," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "मी त्यांना म्हटलं, थांबा, आई उचलेल. अकरा वेळा म्हटलं."

फोन ठेवला गेला. बाहेर हॉलमध्ये नातू कोणाला तरी करून दाखवत होता, "आईईई, फोन उच्चल! आईईई, फोन उच्चल ना!" आणि सगळे हसत होते. रेडिओने बाहेर जाऊन ताटल्या उचलून आणल्या, नळ सोडला आणि त्या विसळायला घेतल्या. स्वतःची ताटली तिने शेवटी घेतली. ती जवळजवळ भरलेलीच होती.

लग्नाला जायला तिला सुट्टी मिळाली नाही. म्हातारीच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात निघालं. लेकीचा कोर्स नवऱ्याने बंद केला. रेडिओ दर रविवारी फोन लावायची, लेक उचलायची, "बरी आहे" म्हणायची आणि गप्प व्हायची. गप्प असलेली लेक ऐकत रेडिओही गप्प बसायची. सहा महिन्यांत घरातले म्हणायला लागले, रेडिओ बिघडला बहुतेक. नातवाने एकदोनदा तिला हसवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. म्हातारीला मात्र ती जास्त आवडायला लागली. असं शांत माणूस हवं घरात, असं ती शेजारणीला सांगायची.

पुढच्या सणाआधी म्हातारीने तिच्याकडे तो कोट रफू करायला दिला. बटणांच्या कारखान्यातला हात तो. आठ दिवस बसून तिने एकेक भोक भरलं, बाही जोडली, टाका दिसला तर शपथ. म्हातारीने चष्मा लावून कोट उलटासुलटा केला आणि खूश होऊन म्हणाली, "वा! कळतसुद्धा नाही." मग कोट खुर्चीवर चढवला गेला, कॉलर सरळ, बाह्या टेबलावर. जेवण मांडून रेडिओ आत निघाली तेव्हा म्हातारीला काहीतरी आठवलं.

"आणि हे बघ, तुझा तो फोन बंद ठेव. गेल्या वर्षीसारखा वाजायला नको."

"आजी," रेडिओ दारात थांबून म्हणाली, "तो आता वाजत नाही."